तापण्याआधीच बंद

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि आता फार थकले आहे. तुम्हाला वाटेल, पळून पळून थकले असेन. तसे नाही. मी न पळता थकले.

माझी पहिली नऊ वर्षे एका औषधविक्रेत्याकडे गेली. तो मला गावोगाव दामटायचा. अंग धुळीने माखायचे, पण पोटातले तेल खळखळते असायचे. "गाडी नाही, घोडी आहे," असे तो चारचौघांत सांगे.

मग मला एका निवृत्त मुद्रितशोधकांनी घेतले. माणूस देवासारखा. मला रोज पुसत, उन्हात कधी उभी करत नसत. त्यांची धाकटी बहीण दीड किलोमीटरवर एकटी राहत होती. गुडघ्यांनी तिला घरात बसवले होते. दोन्ही वेळा तिचा डबा घेऊन आम्ही जात असू. चार मिनिटांत पोहोचलो की इंजिन बंद.

इंधन जळले की थोडी वाफ होते, तिचे पाणी होऊन तेलात उतरते. इंजिन बराच वेळ चांगले तापले, तरच ते पाणी उडून जाते. माझे अंग तापतच नव्हते. दोन वर्षांत तेलाचा चिखल झाला. शेजारी म्हणत, "काय नव्यासारखी ठेवलीय!" मालक सुखावत. मी मात्र आतून जड होत चालले होते.

एका सकाळी बहिणीच्या छातीत कळ आली. मालकांनी तिला मागे निजवले आणि मोठ्या इस्पितळाची वाट धरली. चौदा किलोमीटर. मी जिवाच्या आकांताने धावले. पुलाच्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला, आत खडखड सुरू झाली. मालकांनी मला कडेला घेतले.

"दादा, थांबलास का?" तिने विचारले. ते उतरून येणाऱ्या गाड्यांना हात करू लागले.

एका टेम्पोवाल्याने दोघांना पुढे नेले. ती वाचली. पण पुलावर एकटी उभी असताना मला ते कुठे ठाऊक होते?

गॅरेजमधल्या मेकॅनिकबाईंनी झाकण उघडले. आत फिकट तपकिरी, फेसाळ राड.

"काका, किती फिरवता हिला?"

"फार नाही हो. जपूनच वापरतो. बहिणीकडे जायचं नि यायचं."

"तेच नडलं. तापायच्या आत बंद करता, पाणी आतच मुरतं. तेल कधी बदललंत?"

"फिरतच नाही म्हणून..." मालक जवळच्या टायरवर बसले. "आयुष्यभर लोकांच्या चुका शोधल्या मी," ते हळूच म्हणाले.

मला साफ केले, नवे तेल भरले. झीज मात्र भरून आली नाही. चढ आला की अजून धाप लागते. आता डबा पायी जातो. रविवारी बहीण पुढच्या सीटवर बसते आणि आम्ही हमरस्त्याला लागतो. पहिल्या रविवारी मालक अर्ध्या तासाने मला वळवू लागले, तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात नको ना, दादा. किती दिवसांनी रस्ता बघतेय." मालकांनी मला सरळ जाऊ दिले.

मित्रांनो, जपायचे म्हणून कुणाला कोपऱ्यात ठेवू नका. वरून पुसता, ते पुसाच. पण अधूनमधून झाकण उघडून आतही पाहत जा. आम्हाला सांगता येत नाही.