विमानबाबाचा प्रॉम्प्टर

येनटोल्याच्या नाटकाच्या मंडपात त्या शुक्रवारी सकाळी नऊलाच मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. धान घरात आलं की या झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर नाटकं रंगतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण महिन्याभरापूर्वीपर्यंत दिवसाउजेडी मंडप भरल्याचं सिंदेवाही तालुक्यात कोणी पाहिलं नव्हतं. चारी बाजूंचे पडदे ओढून आत अंधार केला होता, रंगमंचावर पांढरंशुभ्र धोतर ताणलं होतं, आणि त्या धोतरावर एक लढाऊ विमान ढग कापत सुसाट चाललं होतं.

धोतरासमोर विमानबाबा मांडी ठोकून बसले होते. अंगात भगवी कफनी, कानांवर हेडफोन, कपाळावर गंध आणि गंधाच्या वर पायलटचा काळा गॉगल. दोन्ही हात मांडीवर जोडलेले. हात जोडलेले आणि तरी विमान वळतंय, चढतंय, सूर मारतंय, हाच तो चमत्कार. विमान एका शहीद वैमानिकाचा आत्मा चालवतो, असं बाबा सांगत. तो आत्मा आभाळात गस्त घालतो, ज्याच्यामागे पिशाच्च लागलं असेल त्याचं पिशाच्च रडारवर लाल ठिपका होऊन दिसतं, आणि मग आत्मा क्षेपणास्त्र सोडून त्याचा निकाल लावतो. आजवर आपल्या देवऋषींनी लिंबू-मिरचीवर भागवलं होतं. क्षेपणास्त्रापर्यंत प्रगती झालेली पाहून गाव अगदी धन्य झालं होतं.

तिसऱ्या रांगेत संघप्रिया खोब्रागडे बसली होती. ती याच गावची, पण आता तीस वर्षं चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वीजकेंद्रात होती. तिथे नव्या पोरापोरींना ती कंट्रोल रूमचं काम शिकवायची, तेही आधी खोट्या कंट्रोल रूमवर. खरा संच बिघडवून कोणी शिकत नाही, म्हणून हुबेहूब तशीच दिसणारी, संगणकावर चालणारी नक्कल असते. तिच्यात दिवसातून चार वेळा बॉयलर बंद पडला तरी कोणाच्या घरातला दिवा जात नाही.

ती तीन दिवसांची रजा टाकून आली होती ती मंजुषासाठी. मंजुषा म्हणजे तिची बालमैत्रीण इंदुताई हिची लेक. पोरीची त्याच वीजकेंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही झाली तर यादीतलं पुढचं नाव घेणार. पण विमानबाबांच्या रडारवर मंजुषाच्या मागेही लाल ठिपका निघाला. तो पाडला, पण म्हणे त्याच्यामागचा दुसरा रडारला चुकवून निसटला. पोरगी वर्षभरात गावाबाहेर पडली तर तो तिला रस्त्यात गाठेल, असं बाबांनी सांगितलं. इंदुताईने निवडीचं पत्र धानाच्या कोठीत पुरून ठेवलं आणि मंजुषाने फोन लावला, "मावशी, तूच ये आता. आई माझं काहीच ऐकत नाही."

संघप्रियाला पहिल्या क्षणी हसू आलं होतं. मग आठवलं, इंदुताईचा नवरा चार वर्षांपूर्वी ऊर्जानगरच्याच रस्त्यावर, चंद्रपूरहून येताना मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. बाबांनी ते कोणाकडून तरी काढून घेतलं असणार. हसू जिथल्या तिथे विरलं.

"ॐ रडाराय नमः, ॐ लॉकाय नमः," बाबांनी सूर धरला. त्यांनी मंगरूला समोर उभं केलं. मंगरूची कंबर दिवाळीपासून धरली होती. थोड्या वेळाने हेडफोनमधून आणि लाउडस्पीकरमधून ची-ची-ची असा आवाज उठला, आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका उगवला. "थांब रे पिशाच्चा! फॉक्स टू फट् स्वाहा!" ‘फॉक्स टू’ ही क्षेपणास्त्र सोडताना वैमानिकाने द्यायची हाक, तिलाच बाबांनी स्वाहा जोडलं होतं. धुराची रेघ निघाली, स्फोट झाला, ठिपका गेला. मंगरूने कंबर हलवून पाहिली. आठशे डोळे आपल्या कमरेवर आहेत म्हटल्यावर ती त्याला जरा सैल वाटली.

संघप्रिया हे सगळं वहीत उतरवत होती. पडद्यावर काटे आणि आकडे दिसले की हात वहीकडे जायचा, ही कंट्रोल रूममधली जुनी खोड. तिथे दर तासाला रीडिंग लिहावी लागतात, लग्नाला गेलं तरी माणूस जेवणाच्या पंगतीत घड्याळ बघतो. तिने विमानाचं चाक जमिनीवरून उठल्यापासूनची वेळ लावली आणि उंची, वेग, इंधन, ची-ची, ठिपका, सगळं मिनिटाबरहुकूम मांडलं.

शनिवारी ती पुन्हा आली. आज सोमारीबाई उभी होती, कारण तिची गाय दूध चोरत होती. संघप्रियाने कालचं पान उघडून शेजारी नवं पान धरलं. दुसऱ्या मिनिटाला उंची नऊ हजार. काल नऊ हजार. चौथ्या मिनिटाला इंधन पाच हजार सहाशे चाळीस. काल पाच हजार सहाशे चाळीस. चार मिनिटं दहा सेकंदांनी ची-ची-ची आणि उजव्या कोपऱ्यात ठिपका. मंगरूच्या कमरेतलं भूत आणि सोमारीच्या गाईतलं भूत एकाच सेकंदाला एकाच कोपऱ्यात निघालं होतं. संघप्रियाला असं खुदकन हसू फुटलं की पुढच्या बाईने वळून डोळे वटारले.

दुपारी तिने दोन्ही पानं इंदुताईपुढे ठेवली. इंदुताईने ती नीट पाहिली, बोट ठेवून आकडे जुळवले, आणि शांतपणे म्हणाली, "फौजी मानूस होता तो. शिस्तीचा. रोज एकच टाइम पाळत असन."

 संघप्रियाने विचारलं, "इंदू, तुले खरंच पटते काय हे?"

"मले काय पटते ते सोड. त्या रस्त्यानं मानूस गेला माहा. त्याच रस्त्यानं पोरीले कशी धाडू, सांग तू." इंदुताई म्हणाली. संघप्रियाने वही मिटली. मैत्रिणीची भीती खरी होती. खोटं होतं ते तिचं औषध.

पडद्यावरचं ते विमान संगणकाच्या खेळातलं असावं, असा संघप्रियाला संशय आला होता, आणि संध्याकाळी मंजुषाने मोबाइलवर तो खेळ शोधून काढला. मावशी-भाची दोघी चहा थंड होईपर्यंत त्याची माहिती वाचत बसल्या, आणि मध्येच मंजुषा खाटेवर लोळून हसायला लागली. त्यानंतर संघप्रिया उठली आणि वारलूभाऊंच्या घरी गेली.

वारलूभाऊ म्हणजे गावच्या नाटकमंडळीचे प्रॉम्प्टर. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टरवाचून पान हलत नाही. नट एका हंगामात इतकी नाटकं करतात की संवाद पाठ करायला त्यांना सवड कुठली. विंगेत बसलेला प्रॉम्प्टर आधी वाक्य टाकतो, मग नट ते गर्जून म्हणतो, आणि प्रेक्षक दोन्ही ऐकून टाळी देतात. वारलूभाऊंनी छत्तीस वर्षं राजांना, खलनायकांना आणि मरणाऱ्या मातांना शब्द पुरवले होते. संघप्रियाने त्यांच्या हातात वही दिली.

त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. "हे नाटक आहे काय बाई?"

"तेच पाहाचं आहे, भाऊ. चाक उचललं की घड्याळ लावा न् वाचून पाहा. नाटक असन तं जुळते. नसन तं मी सगळ्यांसमोर बाबाचे पाय धरतो."

ऊर्जानगरला राहूनही संघप्रियाचं इथल्या बायकांचं 'करतो, जातो' सुटलं नव्हतं, आणि जिद्दही. वारलूभाऊ ओळखून होते, की ही आता माघार घेत नाही.

रविवारी मंडप फुटायचा बाकी होता. बाबांनी मुद्दाम मंजुषाला आणि इंदुताईला समोर बोलावलं, म्हणाले, निसटलेला ठिपका आज परत येणार. पोरीने खाली मान घातली होती. लोकांना वाटलं घाबरली, ती ओठ चावून हसू दाबत होती. विमानाने धाव घेतली, चाकं उचलली. आणि विंगेतून, नेहमीच्या माइकवरून, वारलूभाऊंचा संथ खर्जातला आवाज आला.

"आता डावा पंख खाली."

डावा पंख खाली गेला.

"आता उंची नऊ हजार."

नऊ हजार झाली. मंडपात चुळबुळ सुरू झाली. बाबांनी गॉगल डोळ्यांवर ओढला, आवाज चढवला, रडाराय, लॉकाय, पण वारलूभाऊ ढिम्म. राजाच्या आवाजाला ते कधी दबले नव्हते, बाबांच्या कुठून दबणार. "इंधन पाच हजार सहाशे चाळीस," त्यांनी वाचलं. पुढच्या रांगेतल्या पोराटोरांनी आकडा पडद्यावर पाहून मोठ्याने ओरडून सांगितला. "आता ची-ची-ची." ची-ची-ची झालं. "उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका." ठिपका उगवला. "आता बाबा म्हनतीन, थांब रे पिशाच्चा."

"थांब रे पिशाच्चा!" बाबा म्हणाले. सवयीने गेलेलं तोंड आवरेपर्यंत वाक्य निघून गेलं होतं.

मंडप असा हसला की कनाती फुगल्या. झाडीपट्टीतला माणूस प्रॉम्प्टरचा आवाज आईच्या आवाजासारखा ओळखतो. आधी वाक्य विंगेतून आलं आणि मग समोरच्याने म्हटलं, की ते काय चाललंय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. मंगरू आपली कंबर धरून हसत होता, आणि ती दुखतही होती.

बाबा ताडकन उठले. आत्म्याचा अपमान झाला आहे, आता यंत्राला जो हात लावेल त्याचा हात जळून कोळसा होईल, असं त्यांनी गर्जून सांगितलं. हसणं थोडं ओसरलं. संघप्रिया मंचावर चढली. धोतराच्या एकाच कोपऱ्यावर झेंडूचा भरगच्च हार लटकवला होता, तो तिने उतरवला. फुलांवर विरून जाणारी अक्षरं आता कापडावर ठळक दिसू लागली: रिप्ले. मग तिने बाबांच्या बैठकीशेजारची पिवळी चादर उचलली. खाली प्रोजेक्टरला जोडलेला लॅपटॉप होता, आणि विमान चालवायचा एक दांडा, धूळ खात पडलेला.

"हा खेळ आहे," ती माइकवरून म्हणाली. "विमानाचा. लय बारकाईनं बनवला आहे, काटे खऱ्यासारखे फिरतात. एकदा खेळलेलं याच्यात साठवून ठेवता येते, न् पुन्हा लावलं की यंत्र तसंच उडवून दाखवते. आम्ही कामावर हेच करतो, पोरांले त्याईच्या चुका दाखवाले. मधातच कोनी बटन दाबलं तं विमान त्याच्या हातात येते. दाबून दाखवतो." तिने हात पुढे केला.

इंदुताईने तो हात बाजूला सारला.  "पिशाच्च माह्या पोरीच्या मागचं आहे," ती म्हणाली, "मीच दाबतो." लेकीने कोणतं बटण ते दाखवलं. इंदुताईने डोळे मिटले आणि दाबलं.

हात जळला नाही. विमान मात्र बिथरलं. इंदुताईने दांडा धरला तसं ते आडवं झालं, उलटं झालं, आणि निम्मा मंडप त्याच्याबरोबर डावीकडे कलला. कोणी म्हणालं वर ओढ, कोणी म्हणालं खाली दाब, सोमारीबाई गाईला हाकावं तसं "हा, हा" करू लागली. इंदुताईने आयुष्यात सायकल चालवली नव्हती. शहीद वैमानिकाचं ते विमान तीन गिरक्या घेऊन डोंगरावर आदळलं, आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. इंदुताईने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. मग ती इतकी हसली की हसता हसता रडायला लागली.

बाबा मंचावरच मटकन बसले होते. त्यांचं खरं नाव विक्की, नागपूरला त्यांचं गेम खेळायचं दुकान होतं ते बुडालं. "सालभर खेळलो जी," तो पडक्या आवाजात म्हणाला, "विमान धड उतरलं ते एकदाच. मंग तेच साठवून ठेवलं."

"न् ठिपका?" मंगरूने विचारलं. त्याला आपल्या भुताची चौकशी करायचा हक्क होता.

मंजुषाने खेळ पुन्हा लावला आणि ठिपका उगवताच विमान आपल्या हातात घेतलं. खऱ्या विमानात असतं तसं यातही आहे, तिने सांगितलं. रडारला समोर काहीतरी आहे एवढंच कळतं. आपलं की परकं, हे वैमानिकाने बटण दाबून विचारावं लागतं. तोवर सगळेच लाल. ती ची-ची म्हणजेही भुताचं रडणं नव्हे, दुसऱ्याचं रडार आपल्यावर पडलं की वाजणारी ती सूचना. तिने ते विचारायचं बटण दाबलं. लाल ठिपका हिरवा झाला. तो विमानाचा जोडीदार होता, त्याच्याच पथकातला, त्याच्याच मदतीला आलेला.

"म्हंजे माह्या नावानं यानं आपलाच मानूस पाडला," मंगरू म्हणाला, आणि मंडप पुन्हा कोसळला. बिचारा जोडीदार महिनाभर रोज सकाळी मदतीला येत होता आणि रोज स्वाहा होत होता, कारण बाबांनी कधी विचारलंच नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस विक्कीला घेऊन गेले. वारलूभाऊंनी वही परत करताना एवढंच म्हटलं, की संहिता बरी आहे, नटच कच्चा निघाला.

सोमवारी सकाळी फाट्यावर बस आली. पत्र मंजुषाच्या पर्समध्ये होतं, धानाचा कोंडा चिकटलेलं. इंदुताईला भीती वाटत नव्हती असं नाही.  पण ती पोरीच्या आधी बसच्या पायरीवर चढली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, रात्री झोप झाली काय? ब्रेक पाह्यले काय?"

ड्रायव्हर चक्रावला. मग म्हणाला, झोप झाली बाई, आणि ब्रेक कालच डेपोत पाहून घेतले. इंदुताई खाली उतरली आणि मंजुषाला म्हणाली, जा.

वाचकहो, भीती सगळ्यांनाच वाटते, तिची लाज नाही. पण भीती वाटली की कोणाच्या अंगात येतं ते पाहायला धावू नका. इंदुताईचा नवरा ज्या रस्त्यावर गेला त्या रस्त्यावर पिशाच्च नव्हतं, खड्डा होता, आणि डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर देता येतं तोच प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत पायरीवरून हलू नका.