शिडीला फुटलेली लव

सून चहा घेऊन जिन्यात आली आणि जागच्या जागी थिजली. शिडीच्या एका पायरीला बोटभर उंच पांढरी लव फुटली होती, आणि त्याच शिडीवर, वर छताशी, तिचे सासरे उभे होते.

सासरे रंगारी. ॲल्युमिनियमची शिडी जिन्याच्या भिंतीला टेकवून ते छताची कड रंगवत होते. शेजारी कठडा आणि पलीकडे दोन मजल्यांची पोकळी. सून रक्तदाब मोजायची यंत्रं दुरुस्त करायची, म्हणून ते तिला डॉक्टरीणबाई म्हणत. तिला शिंक आली तरी डॉक्टरच आजारी पडला म्हणून शेजारपाजारी सांगून येत.

सोमवारी तिच्या टेबलावर एका यंत्राची नळी फुटून पारा सांडला होता. थेंबन् थेंब टिपून घेतला असं तिला वाटलं. शिडी तिथेच आडवी पडली होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही.

ॲल्युमिनियमवर त्याच्याच गंजाची एक पातळ, घट्ट कातडी असते. ती शाबूत असेतो पाऱ्याची डाळ शिजत नाही. पण हाती येईल त्यावर आधी पॉलिशपेपर मारायचा, ही सासऱ्यांची जन्माची खोड. कालच ते म्हणाले होते, शिडीला बुरशी आलीय, रोज घासतो तर सकाळी पुन्हा हजर, भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखी. ती हसली होती. आता तिला खरं काय ते कळलं. बुरशी कसली? पारा आत शिरून धातू पोखरत होता, आणि दर घासणीला त्याला नवं दार उघडून मिळत होतं.

"बाबा, चौथ्या पायरीवर पाय देऊ नका. ती गेलीय."

"बरं, डॉक्टरीणबाई."

ते उतरू लागले. एक पायरी खाली आले आणि मग एक ओलांडायला लांब टांग टाकली. तेव्हा तिला उमगलं. वर उभा माणूस पायऱ्या वरून मोजतो. शिडी आठ पायऱ्यांची. तिची खालून चौथी ती त्यांची वरून पाचवी. पाय नेमका लवेवर येत होता.

ओरडून समजावायला वेळ नव्हता. कप टाकून ती शिडीच्या दोन पायऱ्या चढली आणि त्यांचा घोटा दोन्ही हातांनी धरला.

"पाडतेस का मला?"

तिने नुसती मान हलवली आणि पाय वर ढकलून वरच्या पायरीवर टेकवला. मग खाली उतरून पांढरी पायरी बोटाने दाखवली. सासरे कुरकुरतच ती ओलांडून खाली आले, आणि ब्रशचा दांडा त्या लवेत खुपसला. तो आरपार गेला.

तिने सोमवारचं सगळं सांगितलं, काही न लपवता. आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. पण सासऱ्यांचा आवाज अगदी खाली गेला.

"परवा बल्ब बदलायला तू चढली होतीस गं हिच्यावर."