वरून उतरवलेली भिंत

मित्रांनो, वाळू चाळायची मी एक जुनी जाळी. चौकट लाकडी, एका कोपऱ्याला तारेचं ठिगळ, आणि वय विचाराल तर सात इमारती. खडा कोण आणि रेती कोण, हे माणसांतही मला चटकन कळतं.

पूर्वी माझ्यावाचून गवंड्यांचं पान हलत नसे. मग चाळलेली वाळू गोण्यांतून येऊ लागली आणि माझ्यावर ओली फडकी पडू लागली. मी मनाला लावून घेतलं नाही. आपली किंमत आपल्याला ठाऊक असली की झालं.

या जागी एक जुनं बैठं घर पाडायचं होतं. मुकादमाची रीत ठरलेली: भिंतीला खालून घण घालायचा, धाडकन आडवी करायची आणि विटा, काचा, माती सगळा राडारोडा एकाच ढिगात घालून ट्रकने ओढ्याकाठी ओतायचा. तीन भिंती अशाच गेल्या. चौथीपाशी तो पाडकाम करणाऱ्या मावशीला म्हणाला, "ही पडली की तुझं काम संपलं. उद्यापासून येऊ नकोस."

"आणि कुंपणाची भिंत बांधायचीय ना?"

"तिला नव्या विटा येतील."

"त्या मी यातूनच काढून दिल्या तर?"

मुकादम हसला. "काढ की! ट्रक यायच्या आत तीनशे धड विटा दाखव. कुंपण होईपर्यंत तू इथंच. नाहीतर घरी बस."

मावशी भिंतीला लावलेल्या लाकडी घोडीवर चढली. छिन्नीने आधी सगळ्यात वरचा थर सोडवला, मग त्याखालचा. दोन विटा एकमेकींवर वाजवायची; खणखणीत ती रांगेत, बद्द ती बाजूला.

"अगं, भिंत पाडतेस की वेणी सोडतेस?" मुकादमाने खालून विचारलं.

"वेणीच. हिसडा दिला तर केस तुटतात, दादा!"

दुपारी तिने फडकी भिरकावून मला ओढलं. विटांवरून झडलेली माती मी चाळली. बारीक ती नव्या जोत्याच्या भरावात गेली, खडे आणि बद्द विटांचे तुकडे वाटेवरच्या खड्ड्यांत. कितीतरी दिवसांनी अंग मोकळं झालं!

मुकादमाने विटा स्वतः मोजल्या, तेही दोनदा, कारण पहिला आकडा त्याच्या पचनी पडेना. तीनशे चौतीस. तेवढ्यात ट्रक आला.

"भरू काय? हवा?" ड्रायव्हरने विचारलं.

मुकादमाने त्याला हातानेच थांबवलं. मावशीला म्हणाला, "उद्या आठला ये. आणि पुढचं घर पाडायचंय, तिथं घण कुणाच्या हाती द्यायचा ते तूच ठरव."

मित्रांनो, तुमच्याकडे कधी भिंत पाडायची निघाली, तर मोठ्यांना सांगा: वरून उतरवा, वेगवेगळं ठेवा. आणि कोपऱ्यातल्या जाळीवरची फडकी तेवढी उचला. पुढचं आम्ही बघून घेतो.