कपाटात गायलेली अंगाई

मित्रांनो, मी रेकॉर्डिंगचा एक जुना डबा. घरात मला नुसतं ‘डबा’ म्हणतात, त्यामुळे पाहुणे माझ्यात खायला काही आहे का ते बघतात. दुकानात काचेआड मिरवत होतो. आता माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतात. असो. माइकमधून आलेल्या आवाजाचे सेकंदाला हजारो बारीक तुकडे मोजायचे आणि कॉम्प्युटरच्या हवाली करायचे, एवढंच माझं काम.

माझे मालक चष्म्याचे दुकानदार. गाण्याची हौस दांडगी, गळा मात्र बेताचा. त्यांच्या ताईंची लेक परगावी बाळंत झाली आणि बाळ काही केल्या झोपेना. लेकीला आईची अंगाई हवी होती. ताईंनी बजावलं, “एकदाच गाईन. पुन्हा पुन्हा गायला मी काही रेडिओ नाही.”

आवाज घुमू नये म्हणून मालकांनी त्यांना कपाटात, कोटांच्या मध्ये बसवलं. मला सेकंदाला शहाण्णव हजार तुकड्यांवर लावलं. मोठा आकडा म्हणजे भारी काम, अशी त्यांची समजूत. कॉम्प्युटर मात्र अठ्ठेचाळीस हजारांवरच राहिला. मी भराभर मोजलेलं तो निम्म्या वेगाने वाचू लागला. ताईंचा नाजूक आवाज जाड, संथ, चक्क पुरुषी होऊन बाहेर आला.

मालकांचं धाबं दणाणलं. आकडा तपासायचा सोडून ते इफेक्टच्या मागे लागले. घुमारा वाढवला, तर कोणी विहिरीतून गातंय असं वाटलं. प्रतिध्वनी टाकला, तर विहिरीत दोघं झाले. तेवढ्यात ताई खांद्यावर एक कोट घेऊनच कपाटातून बाहेर आल्या.

“हे सगळं काढ आधी!”

मालकांनी इफेक्ट काढले आणि बोलणी खायला मान खाली घातली. ताई मात्र खुर्चीत टेकल्या.

“अरे, हे तर आपले बाबा!”

त्यांचे वडील असेच गायचे म्हणे, ओळीच्या शेवटी रेंगाळत. ते जाऊन कित्येक वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता. दोघं भावंडं हात धरून ऐकत राहिली. मलाही भरून आलं.

मग मालकांनी आकडे जुळवले, ताईंचा खरा आवाज परत आला आणि दोन्ही अंगाया परगावी गेल्या. पुढे लेकीचा फोन आला, “आई, तुझ्या आवाजाला बाळ हसतं; झोपतं मात्र त्या दुसऱ्या आवाजाला. कोण गं ते?”

“त्याचे पणजोबा,” ताई म्हणाल्या.

तेव्हा मित्रांनो, गाण्याआधी आकडे जुळवून घ्या. चुकलंच, तर पुसण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि माझ्यावर कपडे ठेवायचेच असतील, तर निदान गार झाल्यावर ठेवा.