दोन मेणबत्त्या

दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस. अकोल्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरी धुवायच्या, चुना मारायचा, झेंडूची माळ घालायची आणि एका माणसामागे एक मेणबत्ती लावायची. चारच्या सुमारास फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात, मागून कमिटीचे मनोजभाऊ बघत येतात. इथं जागा कमी, मरणारे काही कमी नाहीत. म्हणून जिच्यावर तीन वर्षं मेणबत्ती दिसली नाही ती कबर बेवारस, ती दुसऱ्याला देऊन मोकळे.

सुभद्राबाईंनी अकरा वर्षं नवऱ्याची कबर स्वतः घासली. यंदा मात्र गुडघ्यांनीच हात टेकले. बादली उचलवेना, आणि खरं सांगायचं तर मनही उचलवेना. भाड्याचं घर सोडून झालं होतं. उद्या सकाळी मुलगा, कुलदीप, त्यांना कायमचा पुण्याला नेणार होता.

चुना मारायला नेहमीचे बद्रुद्दीन मिस्त्री होते.

"बद्रुभाई, पुढच्या सालापासून मेणबत्ती तुमीच लावजा. माह्यानं येनं होत नाई."

"लावतो ना भाभी. शबे-बरातले आमी बी कबरीवर दिवा लावतो. त्यात काय?"

कमिटीची एक सवलत होती : नवऱ्याच्या कबरीत बायकोला जागा मिळते. सुभद्राबाईंचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता. पोराला असलं काही सांगायला जीभ रेटत नव्हती, आणि न सांगावं तर तो पुण्यातच कुठंतरी अनोळखी माणसांत पुरून टाकेल. हा विचार करकरूनच त्या जास्त थकल्या होत्या.

त्यांनी एक मेणबत्ती लावली. मग पिशवीतून दुसरी काढून तिच्या शेजारी रोवली.

बाजूला उभ्या कुलदीपनं फोन खिशात टाकला. "आई, इथं बाबा एकटेच आहेत ना?"

मनोजभाऊही थबकले. "सुभद्राबाई, एका माणसाची एकच असते."

"मले माहीत हाय." सुभद्राबाई कबरीच्या कडेला टेकल्या. "तुह्या बापानं मले एसटीत कधी उभं राहू देल्लं नाई, कुलदीप. तेल्हाऱ्याची गाडी तेच चालवत. कितीबी गर्दी असो, आपल्या मांगच्या सीटवर माह्यासाठी रुमाल टाकून ठेवत. आता मी टाकून राहिली. मले इथंच आणजो."

वाऱ्यानं दुसरी मेणबत्ती विझली, तेव्हा कुलदीप नव्या पॅण्टची पर्वा न करता ओल्या चुन्यात गुडघे टेकून बसला आणि ओंजळीच्या आडोशानं ती पुन्हा लावली.

"दर वर्षी मीच येईन लावायला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

सुभद्राबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लेकाची माया खोटी नव्हती, पण पुणं लांब होतं.

"येजो बाबा," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रीकडे वळल्या. "तरी बद्रुभाई, तुमी दोन आणूनच ठेवजा."