कागदाचे लाडू

बाजारच्या दिवशी खडीचं काम बंद असायचं. मिरजगावच्या बाकीच्या बाया त्या दिवशी घटकाभर पाठ टेकायच्या, डोक्यातल्या उवा काढायच्या, भांडायच्यासुद्धा. रतनबाईच्या नशिबी ते सुख कुठलं! ती कागद कुटत बसायची.

कागद तरी कसला, तर शाळेत दुधाची पावडर यायची, तिच्या जाडजूड कागदी पिशव्या. रिकाम्या झाल्या की शाळेच्या शिपायाच्या हातापाया पडून आणायच्या, भांडी विसळलेल्या पाण्यात मऊ पडेस्तोवर भिजत घालायच्या, मग मूठभर मेथ्या टाकून उखळात कुटायच्या. मेथ्यांनी किडा लागत नाही. त्या लगद्याच्या टोपल्या, सुपल्या, राघू, तुळशीवृंदावन असं काय काय तिनं केलं होतं. गेरू, हळद आणि कपड्याची नीळ एवढ्यावर रंगाचं भागवलं होतं. फुटक्या बांगड्यांच्या काचा राघूच्या गळ्यात बसवल्या होत्या, आणि भोपळ्याच्या बियांची फुलं अशी साधली होती की लांबून कुणालाही मोगराच वाटावा.

हा सगळा खटाटोप सुमनच्या रुखवतासाठी. लेकीचं लग्न वैशाखात धरलं होतं. सोयरीक ठरली तेव्हा विहिरीला पाणी होतं, कणगीत ज्वारी होती. मग पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. रतनबाईचा नवरा रंभाजी बैलं घेऊन घोडेगावाकडच्या छावणीत जाऊन बसला, आणि रतनबाई लेकीला घेऊन सरकारी कामावर खडी फोडायला लागली. दिवसभर हातोडी मारून मनगटं अशी सुजायची, की संध्याकाळी भाकरी थापताना डोळ्यांत पाणी यायचं.

शेजारची लंकाबाई खडीवरही शेजारीच बसायची. तिच्या जिभेला काही हाड नव्हतं. ती एकदा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अगं ए रतने, मान्सांच्या घशाला कोरड पडलीया अन् तू कागदाला पानी पाजती व्हय?"

"उष्टं पानी हाय गं बाई. तुला पायजे का?"

"मेले, निवांत नीज की जरा! कोन बघतंय तुझं रुखवत?"

कोण बघतंय! सगळे बघणार होते, हेच तर रतनबाईला खात होतं. सुमन पडणार होती संगमनेरकडच्या गावात, कालव्याच्या पाण्याखाली. तिथं म्हणे दुष्काळातही उसाला पाणी होतं. त्या घरची थोरली सून आली तेव्हा तिच्या रुखवतात बुंदीच्या लाडवांचा असा मनोरा होता म्हणे, की मागं पोरगं उभं केलं तर दिसू नये. मध्यस्थानं हे सहज सांगितलं, पण रतनबाईच्या काळजात ते रुतून बसलं. आपली पोर त्या घरात जाणार, आणि उठता-बसता ऐकणार, तुझ्या आईनं काय दिलं? चार कागदाच्या टोपल्या? एकदा मान खाली गेलेली सून त्या घरात पुन्हा मान वर करत नाही, हे रतनबाईनं स्वतःच्या अंगावर काढलेलं होतं. दुसरं काही नसलं तरी चालेल, पण पोरीच्या रुखवतात लाडू पाहिजेत, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

पण लाडू आणायचे कुठून? साखर नाही, बेसन नाही, तेल तर डोळ्यांत घालायलाही नाही. रेशनवर मिळायचा तो मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी धड थापता येत नाही, खाल्ली तर पोटात दगड. एक दिवस तो मिलो निवडताना रतनबाईचा हात सुपातच थांबला. गोल गोल, टपोरे दाणे. हळदीच्या पाण्यात भिजवले तर?

तिनं लगद्याचे गोळे वळले. गोळे ओले असतानाच त्यांवर हळदीत भिजवलेले दाणे दाटीनं दाबून बसवले. वाळल्यावर एक उचलून उजेडात धरला आणि तिची तीच चाट पडली. बुंदीचा लाडू! अहो, हलवायानंही हात पुढं केला असता.

सुमनही मुकाट्यानं गोळे वळू लागली. पोर अठरा वर्षांची, बोलायची कमी. पण एकदा न राहवून म्हणालीच, "आई, ही फसवाफसवी न्हाई व्हय?"

"फसवाफसवी कसली? रुखवत बघायला असतंय. आपल्यात कोन खातंय? इहीन वरचा एक लाडू उचलती, तोंडाला लावती, झालं. खायाचं हितंच ऱ्हातं, वऱ्हाड गेल्यावर आपुनच उचलायचं. वरचे चार खरे करू की."

ते खरे चार करायलाही जीव मेटाकुटीला आला. कामावर दुपारी सुकडी, गूळ घातलेलं भाजकं पीठ, वाटायचे. सगळ्या बाया तिथंच बसून खायच्या. रतनबाई तिच्यातली निम्मी लाडवांसाठी पदराला बांधायची आणि पाणी पिऊन हातोडी उचलायची. दुपार कलली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. तिला खरं तर कशाचाच आनंद होत नव्हता. लग्नाचाही नाही. कधी एकदा हे पार पडतं आणि आपण अंग टाकतो, एवढंच वाटायचं. पोटच्या पोरीच्या लग्नाबद्दल असं वाटतं म्हणून पुन्हा स्वतःचीच लाज वाटायची.

रंभाजी छावणीतून लग्नापुरता आला आणि लग्न लागलं. वऱ्हाड ट्रकनं आलं होतं. विहीण भागिरथीबाई उंच, थोराड बाई. बोलणं मोजकं, नजर करडी. ती रुखवतापुढं उभी राहिली तेव्हा रतनबाईची पाचावर धारण बसली. मागच्या बाया टोपल्या उचलून बघत होत्या, राघूला हात लावत होत्या. आणि मधोमध लाडवांचा तो पिवळाधमक मनोरा! "दुष्काळात बी एवढे लाडू?" कुणीतरी म्हणालं. भागिरथीबाईनं वरचा एक उचलला, तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि हळूहळू चावला.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

रतनबाईच्या जिवात जीव आला. तिनं सुमनकडं पाहिलं. सुमननं मात्र मान वर केली नाही.

जेवणं उरकली. जेवण तरी काय, पातळ आमटी आणि बेताची लापशी. वऱ्हाडाला वाढता वाढताच पातेल्याचा तळ दिसला, आणि गावची पोरं मांडवाच्या कडेला नुसती उभी राहिली. हाडांचे सापळे झालेली पोरं, पोटं तेवढी पुढं आलेली. त्यांच्या नजरा लाडवांवरून हलत नव्हत्या.

निघायची वेळ झाली तशी भागिरथीबाईच्या जावेनं रुखवतापुढं धोतराचं पान अंथरलं.

"हे कशाला?" रतनबाईनं विचारलं.

"लाडू बांधायला. आमच्यात नवी सून घरोघर जाऊन आपल्या हातानं लाडू वाटती. तुमच्यात न्हाई व्हय तसं?"

घरोघर! म्हणजे पोरीनं परक्या गावात, दारोदार, कागद वाटायचा! तेवढ्यात भागिरथीबाई पुढं आली. तिची नजर कडेच्या पोरांवर गेली होती, ती तिथंच खिळली. मग जावेला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पान गुंडाळ."

"का वो बाई?"

"दुष्काळातल्या पोरांच्या तोंडचं न्यायचं व्हय आपुन? आपल्याकडं काय लाडवांना तोटा हाय? हितंच वाटू." आणि ती मोठ्यानं म्हणाली, "या रं लेकरांनो! समद्यांनी या!"

पोरं अशी धावली की मांडवाचा खांब हलला. सगळ्यांत पुढं लंकाबाईची नात, फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पसरून उभी. भागिरथीबाईनं वरचे उरलेले लाडू पहिल्यांना दिले आणि खालच्या थराला हात घातला.

गप्प राहावं का? क्षणभर रतनबाईच्या मनात आलं, राहावं. पोरं चावतील, थुंकतील, रडतील. आपण कानांवर हात ठेवू, हलवायानं फसवलं म्हणू. पण समोर ती पोरगी फ्रॉक पसरून उभी होती. हिची आजी रोज आपल्या शेजारी खडी फोडते. हिनं वर्षभरात गोड म्हणून काही पाहिलेलं नाही.

"नका देऊ!" रतनबाई ओरडली. "खोटं हाय ते! कागद हाय, कागद!"

वऱ्हाडातली एक बाई फिस्सकन हसली, तिचं बघून दुसरी. "कागदाचे लाडू गं बाई! आता हिला काय म्हनायचं, लाडवाची सून?" सुमन बोहल्यापाशी उभी होती. तिचा चेहरा रतनबाईला बघवेना. झालं, ज्याला एवढं भ्यालो तेच झालं, आणि झालं ते आपल्याच तोंडानं.

भागिरथीबाईनं हातातला लाडू निरखून पाहिला. नखानं एक दाणा उकरला.

"मिलो व्हय हा?"

"व्हय."

"हळदीत भिजवलेला?"

"व्हय, इहीनबाई. मीच केलं समदं. पोरीचा दोष न्हाई काय. काय बोलायचं ते मला बोला."

"अन् तुमी खडीवर जाता ना? मग हे कवा केलंत?"

कधी केलं? जागेपणी केलं एवढंच तिला आठवत होतं. मागं बाया अजून खिदळत होत्या. भागिरथीबाईनं मान वळवून त्यांच्याकडं एकदाच पाहिलं, तशा त्या गपगार झाल्या. जावेला ती म्हणाली, "बांध आता. समदं बांध."

"वो बाई, कागद हाय त्यो!"

"मला डोळे हायेत. घरी मांडायचंय." मग पोरांना म्हणाली, "ज्याला मिळालाय त्यानं मोडून समद्यांना द्या रं." आणि रतनबाईचा दंड धरून हलक्या आवाजात म्हणाली, "बसा, इहीनबाई. लई दमलाव तुमी."

बास, एवढंच. वर्षभरात कुणी हे म्हटलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, लंकाबाईनं नाही, तिनं स्वतःही नाही. रतनबाई खांबाला टेकून मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडली. लोकांना वाटलं लाजेनं रडतेय. लाज होतीच, पण तिच्याहून मोठा शीण होता, आणि तो आता सगळा एकदम बाहेर येत होता.

ट्रकचा भोंगा वाजला. सुमन पाया पडायला आली. रतनबाईनं उठायला हात टेकला, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही. लेकीची पाठवणी आणि आईला उभं राहता येईना! तेव्हा सुमनच नव्या लुगड्यानिशी तिच्याजवळ धुळीत बसली. आईचा चिरा पडलेला हात तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला.

"आई, लाडवाची सून म्हनून हाक मारतील मला तिकडं. मारू दे," ती म्हणाली. "तू उद्याच्या दिवस तरी खडीवर जाऊ नको."

"न्हाई जात."

"शपथ घे माझी."

रतनबाईनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, पदर सारखा केला. शपथ काही तिनं घेतली नाही.