डाव्या बाजूची बोली

माझ्या नवऱ्याने, ललितने कंप्युटरवर आवाजाचं ते सॉफ्टवेअर टाकलं आणि पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझं उठणं-बसणं अवघड झालं. समोर दोन स्पीकर, बरोबर मधोमध एक खुर्ची. केर काढताना ती जरा सरकली तरी साहेबांचा पारा चढायचा. म्हणे, डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानाला, उजव्याचा फक्त उजव्याला. मग साधा स्टिरिओसुद्धा खोलीभर फिरतो. मला तर ती खुर्ची म्हणजे नुसती अडगळ वाटायची.

त्या संध्याकाळी मात्र घरात कुणाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. माझे सासरे कोंडाजी मार्केट यार्डात भाजीचे लिलाव पुकारत. हरसूलच्या भिकनने त्यांच्यावर आळ घेतला होता, की त्याच्या कोथिंबिरीला एका व्यापाऱ्याने चढी बोली दिली असताना मामंजींनी कानाडोळा केला आणि माल कमी भावात दुसऱ्याला दिला. सकाळी सगळ्यांसमोर बेलभंडारा उचलून मामंजी शपथ घेणार होते, की तशी बोली झालीच नाही. खंडोबाचा बेलभंडारा हातात घेऊन खोटं बोलायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. शपथ झाली की विषय मिटणार होता.

"बसा बाबा, जरा डोकं शांत होईल," ललित म्हणाला. मामंजी खुर्चीत बसले, डोळे मिटले. ललितने डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मोटारीचा आवाज लावला.

"लाव ना," मामंजी म्हणाले.

"लावलाय की."

"हां, आत्ता आला. मघाशी बंद व्हता."

ललितने वायरी तपासल्या. मग मी बसून पाहिलं, तर मोटार चांगली डावीकडून धडधडत आली. मामंजी पुन्हा बसले, पुन्हा तेच. ललितने त्यांचा उजवा कान तळव्याने घट्ट दाबला आणि हळूच विचारलं, "बाबा, जेवायला वाढायचं का?"

मामंजी नुसते समोर बघत राहिले.

आमची खोली एवढीशी. कुठूनही बोललं तरी त्यांच्या चांगल्या कानाला पोचायचं, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही. यार्डातल्या गोंगाटात तसं थोडंच असतं?

"तुम्ही मुद्दाम काही केलं नाही," ललित म्हणाला. "खुशाल उचला बेलभंडारा."

"बोली झालीच नाय, असं म्हणायचंय मला. ते आता कसं म्हणू? आन् बहिऱ्याला कोण लिलाव पुकारू देईल?"

"खोटी शपथ घेऊ नका म्हणजे झालं," मी फटकन बोलले. बोलले खरी, पण जेवताना त्यांच्याकडे बघवेना. ह्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं.

सकाळी आम्ही दोघंही त्यांच्यासोबत यार्डात गेलो. ताटात बेलाची पानं आणि भंडारा होता. मामंजींनी हात पुढे केला. मग तसाच मागे घेतला.

"बोली झाली असंल. भिकन खोटा नाय. माझा डावा कान गेलाय, मलाच काल कळलं."

आडत्याने ताट उचललं. थोड्या वेळाने लिलाव सुरू झाला, पुकारणारा दुसरा होता. भिकन मामंजींच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"चुकलं माझं, बाबा. लय वंगाळ बोललो."

मामंजी समोरच्या जुड्यांकडेच बघत होते. ते रागावलेत असं वाटून बिचाऱ्याने पुन्हा हात जोडले. मी मामंजींना खांद्याला धरून त्याच्याकडे वळवलं.